पन्नास मीटर म्हणजे पाच वेळा दहा मीटर नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही एकटेच नाही म्हणा. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने मारायचं) ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमच्या रत्नागिरी बाजूचे पालक मला, रायफल नेमबाजीच्या कोचला, भेटले की हेच विचारतात. "मॅडम, १० मीटरला पोरगा मस्त मारतो. मग ५० ला काय होतं? लांबचं दिसत नाही का त्याला?"

दिसतं हो. टार्गेट लांब गेलं की मोठंही होतं. १० मीटर एअर रायफलला टेन, म्हणजे मधला दहा गुणांचा भाग, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. ५० मीटरला ते १०.४ मिलिमीटरचं वर्तुळ होतं, ३०० मीटरला १०० मिलिमीटरचं. छर्रा किंवा गोळी कडेला नुसती शिवली तरी टेन धरतात. तेही जमेस धरून हिशोब करा: ५० मीटरला नेम दीडपट बारीक लागतो, पाचपट नाही. शिवाय १० मीटर उभ्याने मारायचं असतं आणि ५० मीटरच्या प्रोनला स्लिंग, म्हणजे दंडाचा पट्टा, आवळून जमिनीवर पडून. ३०० मीटरला तर या हिशोबाने ५० पेक्षा किंचित सूटच मिळते. म्हणजे डोळ्याचा आणि हाताचाच प्रश्न असता तर ३०० मीटर सोपं ठरलं असतं.

ठरत नाही, कारण मधे हवा आहे. १० मीटरचा छर्रा बंद हॉलमध्ये उडतो. ५० मीटरची गोळी उघड्यावर सेकंदाचा साधारण सहावा भाग असते, आणि तेवढ्यात सेकंदाला दोन मीटरचा आडवा वारा, जो गालाला जेमतेम कळतो, तिला सेंटिमीटरभर सरकवतो. टेन गेला. अंतर दुप्पट केलं की हे सरकणं चौपटीच्या आसपास जातं, कारण गोळी हवेत जास्त वेळ राहते आणि वाटेत वेगही गमावत जाते. मोठ्या बोअरच्या (जाड नळीच्या) रायफलीने १००० यार्डांवर मारणाऱ्यांची गोळी दीड सेकंद हवेत असते. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तिला दोन मीटरहून जास्त ढकलतो. ३०० यार्डांवर तोच वारा फार तर वीतभर. गोळी खाली किती पडेल ते कोष्टकात मिळतं, साइटला, म्हणजे नेम धरायच्या यंत्राला, तेवढे क्लिक (स्क्रूचे टप्पे) दिले की झालं. वाऱ्याचंही कोष्टक आहे, पण या क्षणी वारा किती आणि कुठून, ते कोष्टकात नसतं.

आणि कोकणातली हवा दमट म्हणून जड, म्हणून गोळी अडते, हेही कृपा करून थांबवा. तेवढ्याच तापमानाची आणि दाबाची दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते.

आता माझ्या एका मुलाच्या निवडीच्या मॅचच्या दिवसाचं सांगते. खाडीवरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, उघडी रेंज, जानेवारी महिना. मारायचं उत्तरेकडे. सकाळी मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, उजवीकडून, एका लयीत. मी शिकवते त्या अकरावीतल्या मुलाने साइटर, म्हणजे चाचणीच्या गोळ्या, मारले, वाऱ्याचे क्लिक दिले आणि टेन बसायला लागले. अकराच्या सुमारास वारा पडला. कातळ तापला होता. स्पॉटिंग स्कोपमधून (छोट्या दुर्बिणीतून) बघितलं तर आडवं वाहणारं मृगजळ थांबून सरळ वर उकळत होतं. आमच्या बाजूचा वारा दाखवणारा फ्लॅग काठीला चिकटून लोंबत होता, टार्गेटजवळचा मात्र फिरला होता. समुद्रावरचा खारा वारा सुरू झाला होता, डावीकडून. मॅच चालू असताना मागून मला बोलता येत नाही. सकाळच्या वाऱ्याचे क्लिक आणि हा उलटा वारा, दोन्ही गोळीला एकाच बाजूला नेत होते. आठ, आठ, नऊ, आठ.

नंतर तो कागद मी उजेडाकडे धरला. शेवटच्या गोळ्यांची भोकं एकमेकांत मिसळलेली, सगळी घड्याळातल्या चारच्या जागी. आतल्या खाचांचा पीळ उजवा असलेल्या नळीतून डावीकडच्या वाऱ्यात गोळी तिथेच जाते, उजवीकडे आणि थोडी खाली. पाच रुपयांच्या नाण्याखाली सगळी झाकली असती. त्या दिवसातला त्याचा सगळ्यात घट्ट ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, तो. वडिलांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काय रे, चष्मा लागलाय काय तुला?" पोरगा दंडावरचा स्लिंगचा वळ चोळत राहिला. निवड हुकली होती. कागदाची चौघडी होऊन वडिलांच्या खिशात गेली.

नवी कोच होते तेव्हा मी मुलांना सांगायचे, अंतर डोक्यात आणू नका, प्रत्येक गोळी १० मीटरचीच समजून मारा. त्या बाईशी मी अजून भांडते. होल्ड (रायफल स्थिर धरणं), श्वास, ट्रिगर लांबवरही तेच राहतात, एवढं तिचं खरं. पण त्या मुलाने अगदी तेच केलं होतं.

मग सगळं वाऱ्यावर ढकलून मोकळं व्हायचं? तेही जमत नाही मला. शेजारच्या लेनवरच्या मुलीने त्याच वेळी रायफल खाली ठेवली, घड्याळ चालू असताना नुसती पडून राहिली, खारा वारा स्थिर झाल्यावर क्लिक बदलले आणि टेन मारले. वारा दोघांना एकच होता. तिच्याकडे जे होतं ते शिकवता येतं की उघड्यावर वर्षं घालवूनच येतं, यावर माझं मत दर मोसमात बदलतं. आपल्याकडे उघड्या रेंज किती आणि त्यावर मुलांना किती गोळ्या मारायला मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे.

तो मुलगा आता फक्त १० मीटर मारतो. १० मीटर कमी दर्जाचं नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर मारून बघा. पण त्याला ५० मारायचं होतं. 'लांबचं याच्याने होणार नाही' हे वडिलांनी ठरवलं. त्यांनी एकदा अकरा वाजता फायरिंग पॉइंटमागे उभं राहून दोन्ही फ्लॅग बघावेत, मग काय ते ठरवावं. मी तीनदा बोलावलंय.