आमची वाटचाल: दिवेआगरातल्या चार खोल्या

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "रूममधून समुद्र दिसतो का?" नाही दिसत. दिवेआगरातली जुनी घरं समुद्राकडे तोंड करून बांधलेली नाहीत. आधी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग केवडा आणि सुरूचं बन, मग नारळ-पोफळीच्या वाड्या आणि वाडीच्या पोटात घर. ज्यांनी ही घरं बांधली त्यांना वारा कळत होता. आमच्या पडवीपासून पाणी सात मिनिटांवर, तेही सावलीतून. पण एवढं सांगेपर्यंत पलीकडून फोन ठेवलेला असतो आणि समुद्राला टेकलेल्या तीन मजली इमारतीत बुकिंग झालेलं असतं. त्या इमारतीबद्दल पुढे लिहिणार आहेच.

१७ नोव्हेंबर १९९७ ला इथल्या एका पोफळीच्या वाडीत खोदताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा. त्याआधी गावात बाहेरचं कोणी आलंच तर रूपनारायणाची मूर्ती बघायला, नाहीतर शके ९८२ च्या मराठी ताम्रपटाचा अभ्यास करायला. त्यानंतर दर संकष्टीला गाड्यांची रांग. दर्शन झालं की लोक विचारायचे, जेवायला कुठे मिळेल, पाठ टेकायला जागा आहे का. ओटीलगतच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या. पुढे पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेत नाव घातलं आणि दोनाच्या चार झाल्या. मालक त्याच घरात राहतो, ही या धंद्यातली मुख्य गोष्ट. मॅनेजर ठेवून शहरातून चालवायचं असेल तर ते लॉज. त्याला न्याहारी-निवास म्हणू नये.

२००० ते २०११ या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. खोल्या भरत होत्या.

मावशींबद्दल मात्र लिहायला हवं. पुण्याच्या निवृत्त शिक्षिका. दर डिसेंबरला आठ दिवस, कोपऱ्यातली खोली. निघताना कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे चुकांची यादी लिहून उशीखाली ठेवत. "न्हाणीघरात कपडे टांगायला एकच खुंटी, माणशी दोन हव्यात." "दिव्याचं बटण पलंगावरून हाताला येत नाही." "टॉवेल जाड, दुसऱ्या दिवशी ओलाच." ही शेवटची तक्रार लाखमोलाची. तोवर आम्ही हॉटेलवाल्यांचं बघून ६०० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचे, टॉवेल घेत होतो. किनाऱ्याच्या दमट हवेत ते वाळत नाहीत, कुबट वास धरतात आणि तो वास उकळूनही जात नाही. ४०० जीएसएम पुरे. अंगाला पांढरा, पुळणीवर न्यायला गडद तपकिरी, आणि दोन्ही कधी एकत्र धुवायचे नाहीत. दर पलंगामागे चादरींचे तीन जोड: एक अंथरलेला, एक दोरीवर, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा लागतो. नवीन लोक दोनावर भागवायला बघतात आणि सलग सुट्ट्यांत ओल्या चादरीला इस्त्री मारत बसतात.

२४ मार्च २०१२ ला मुखवट्यावर दरोडा पडला, देवळाचे दोन रखवालदार जिवाला मुकले. दर्शनाच्या गाड्या आटल्या. गावात नवी बांधलेली कितीतरी निवासं त्या दोन-तीन वर्षांत बसली. आम्ही टिकलो, कारण तोवर वाडी आणि न्याहारीसाठी येणारे वेगळे झाले होते.

न्याहारी म्हणजे घावनं. ती बिडाच्या तव्यावरच. आमच्याकडे तीन तवे आहेत, तिन्ही आजीच्या वेळचे. जुन्या तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी सव्वादोन वाट्या, मीठ, ताकाइतकं पातळ. नव्या तांदळाचं पीठ चिकट होतं, घावन उलटताना फाटतं. तवा कडकडीत तापल्यावर अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं आणि पीठ कडेने सुरू करून मध्याकडे ओतायचं. चर्र आवाज आला नाही तर जाळी पडणार नाही, ते घावन गाईला. पीठ खाली बसतं म्हणून दर वेळी तळापासून ढवळून घ्यायचं. नाहीतर पहिली चार कागदासारखी आणि शेवटची चार भाकरीसारखी. तवा साबणाने घासायचा नाही, रात्रभर पाण्यात तर मुळीच ठेवायचा नाही. आमच्या हवेत कोरडा ठेवला तरी सकाळी तांबूस होतो, म्हणून झोपण्यापूर्वी तेलाचं बोट. एका तव्यावर तासाला वीस घावनं नीट होतात. बारा पाहुणे, माणशी चार धरली तर अठ्ठेचाळीस. म्हणून तवे तीन. पाहुण्यांना थांबायला लागलं की ते मोबाइल काढून कमी तारे देतात.

आता निसर्ग चक्रीवादळ. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, एप्रिल-मे हा आमचा वर्षाचा अर्धा धंदा गेला. वरून ३ जूनला वादळ. वारा आधी जमिनीकडून आला, मग फिरून समुद्राकडून. ज्या झाडांनी पहिला मार सोसला ती दुसऱ्यात पडली. पोफळी मुळासकट कमीच पडल्या. कमरेत मोडल्या, काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा. माड पडले ते छपरांवर.

छपराचं नेमकं काय चुकलं ते लिहितो, कारण पुढचं वादळ येणारच आहे. पडवीवर सिमेंटचे पत्रे होते आणि हूक दर तिसऱ्या नळीला. वारा वळचणीखालून शिरला, पत्रे उचलले गेले आणि पडवीचे वासे मुख्य छपराच्या वाशांना जोडलेले असल्यामुळे जाताना तेही ओढून गेले. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं असतं. ते खिळ्याने नाही, स्वतःच्या वजनाने बसलेलं असतं. एरवी पुरतं. वादळात आढ्यावर आणि कडेला वारा वरून चोखून घेतल्यासारखा खेचतो, आणि कडेच्या दोन ओळी निघाल्या की बाकीची पत्त्यांसारखी. आता पडवीचं छप्पर वेगळ्या खांबांवर आहे, जायचं तर एकटं जाईल. वळचणीकडच्या तीन ओळी प्रत्येक कौलाला तांब्याच्या तारेने रिपेला बांधल्या आहेत. लोखंडी तार इथे फार दिवस टिकत नाही. आढ्यावरची कौलं चुनामिश्रित मालात बसवली. पत्रे जिथे ठेवले तिथे कडेला दर नळीला हूक आणि त्याखाली रबरी वायसर. गवंडी म्हणतो एवढं कशाला. त्याला लावायला सांगायचं आणि समोर उभं राहायचं.

वीज कित्येक आठवडे नव्हती. विहीर होती, पंप होता, रहाट मात्र मोटार आल्यावर हौसेने काढून टाकलेला. कळशीने पाणी शेंदलं तेव्हा अक्कल आली. आता रहाट पुन्हा बसवलाय, कप्पी पितळेची.

मदत हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर झाली होती. वाडी दहा गुंठे असेल तर हिशेब ५,००० रुपयांचा. नऊ फुटांवर लावलेल्या पोफळी दहा गुंठ्यांत एकशे चौतीस बसतात. म्हणजे झाडामागे सदतीस रुपये. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. त्यातही वरचे माड गेल्याने सावली गेली, आणि उरलेल्या पोफळींची खोडं पश्चिमेच्या उन्हाने भाजून चिरली. खोडांना झापं बांधली, मधे केळी लावल्या, तरी दुसऱ्या वर्षी आणखी काही गेल्या. हे नुकसान वादळाच्या पंचनाम्यात येत नाही.

जुलैत मावशींचं पाकीट आलं. चेक आणि चिठ्ठी: "यंदाचा डिसेंबर, पुढचा आणि त्यापुढचा. कोपऱ्यातली खोली. खुंट्या दोन आहेत ना?" मागोमाग त्यांच्या ओळखीच्या चार घरांचे असेच चेक. त्या पैशांतून कौलं आली. व्याज नाही, कागद नाही. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी एकदाही बिलातून वजावटीचा विषय काढला नाही. वहीत लिहून आम्हीच वळती केली.

आणि याच काळात ती इमारत उभी राहिली. वादळात आडव्या झालेल्या केवड्याची जागा साफ करून. समुद्रावर बांधायला नियम आहेत, ते सर्वांना माहीत आहेत, मी काही बोलत नाही. त्यांचा बोर्ड: "घरगुती वातावरण". मालक मुंबईत. आमच्याकडे पाच वर्षं घावनं शिकलेली बाई त्यांनी जास्त पगारावर नेली आणि हातात दिला नॉनस्टिक तवा. खोल्यांचे दर बुधवारी निम्मे, शनिवारी दुप्पट. बुकिंगच्या ज्या कंपनीवर ते वरच्या नंबरला दिसतात तिने आम्हाला पाचवा हिस्सा कमिशन मागितलं. आम्ही नाव काढून घेतलं. नवख्याला सांगतो, पहिल्या वर्षी नाव जरूर द्या, माणसं कळतात. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा नंबर स्वतःच्या वहीत घ्या आणि दुसऱ्या खेपेला थेट बोलवा. वही नीट ठेवायची सवय एरवीही कामाची: ओळखपत्राची नोंद, आणि परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावीच लागते.

समुद्र दिसणाऱ्या खोलीची किंमत मालकालाही मोजावी लागते. खारा वारा थेट एसीच्या बाहेरच्या जाळीवर येतो आणि अॅल्युमिनियमचे पंख पिठासारखे झडतात. आमची यंत्रं घराच्या पूर्वेला आहेत, तरी दर पंधरा दिवसांनी साध्या, गोड्या पाण्याने धुतो. कड्या-कोयंडे पितळेचे, स्टील हवंच तर ३१६ ग्रेडचं, ३०४ ला इथे ठिपके पडतात. मे महिन्यात विहिरीला मचूळपणा आला की गिझरच्या टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा भराभर झिजतो. तो दोन वर्षांनी बदलला तर टाकी वाचते, हे गिझर विकणारा सांगत नाही.

वीज जाते तेव्हा पाहुण्याला पंखा हवा असतो, बाकी काही नाही. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या (अँपिअर-तास) एका बॅटरीतून खऱ्या अर्थाने १,२०० वॉट-तास मिळतात. चार जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे आणि सगळे दिवे मिळून ४० वॉट, म्हणजे साडेतीन तास. पहाटे दोनला सगळे पडवीत. तीस वॉटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, पंखे लावले तर तीच बॅटरी साडेसात तास जाते. आधी पंखे बदला, मग दुसऱ्या बॅटरीचं बोला. संडासाच्या टाकीत अॅसिड आणि फिनेल ओतू नका. आतले जिवाणू मरतात आणि ऐन दिवाळीत टाकी तुंबते. पुळणीवरून येणाऱ्यांसाठी पाय धुवायचा नळ बाहेर आणि त्याखाली वाळू अडवणारा हौद हवा.

पाहुण्यांना फिरायला कुठे पाठवायचं, यात खरा अनुभव लागतो. जंजिरा सगळ्यांना हवा असतो. पावसाळ्यात होड्या बंद, बाकी दिवस सकाळी लवकर दिघीकडे निघा, एवढं सांगून होतं. वेळासची कासवं फेब्रुवारी ते एप्रिल, बागमांडल्याहून फेरीबोटीने पलीकडे. पिल्लं बाहेर येतीलच असं कुणालाही सांगू नये, घरट्यात त्या दिवशी काही नसलं तर राग आपल्यावर निघतो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र जिवाशी खेळ आहे. डोंगरामागच्या पायऱ्या खडकाच्या चिरेतून खाली समुद्रात उतरतात आणि पुढची वाट भरतीत पाण्याखाली असते. लाट अचानक येते, शेवाळावर पाय टिकत नाही. म्हणून आमच्या पडवीत फळा आहे. कोळ्यांचा हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. ओहोटी सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे सकाळी नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढ्यातच उतरायचं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं मागे जात नाही. वाट असूनही ओली. पावसाळ्यात कितीही ओहोटी असो, उतरायचं नाही.

संकष्टीला हे फार सोयीचं पडतं. सव्वासातला शेखाडीच्या किनारी रस्त्याने निघालं की ओहोटीला हरिहरेश्वर, आधी काळभैरव मग हरिहरेश्वर, प्रदक्षिणा, आणि परत येऊन दुपारी आपल्या सुवर्णगणेशाचं दर्शन. २३ नोव्हेंबर २०२१ ला मुखवटा पुन्हा बसल्यापासून संकष्टीच्या गाड्या परत सुरू झाल्या आहेत. आदल्या रात्री फळ्यावर लिहिलेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात त्या इमारतीनेही फळा लावला, आमचा बघून. संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी सहज वाचला. तिथी पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायची, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वद्य चतुर्थीला एकोणीस धरून पाऊणपट केली होती आणि भरती सव्वादोन, ओहोटी सव्वाआठ असं लिहून मोकळे. त्यावर विसंबून त्यांचे पाहुणे पाऊण तास उगाच लवकर उतरणार, तेही पाणी अजून मागे जात असताना. शेजारी खडू होता. पुसून तीन आणि नऊ लिहून आलो. आभाराचा फोन अजून आलेला नाही.