मांडवगडावरचे घर आणि चौदा इंच पाणी

इंदूरच्या मराठी घरांमध्ये श्रावणातला एक रविवार मांडवगडासाठी, म्हणजे मांडूसाठी, राखून ठेवलेला असतो. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघायचे, धार आणि नालछा मागे टाकत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करायचा, काकडा खोहच्या कड्यावर थांबून दरीतून वर चढणारे ढग पाहायचे, भाजलेले भुट्टे खायचे, जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप पाहून अंधार पडण्यापूर्वी परत फिरायचे, असा हा ठरलेला क्रम. मी तो चाळीस वर्षे पाळला आणि मांडवगड आपल्याला चांगला माहीत आहे, असे समजत राहिलो. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच श्रावणात, सागर तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भिजत उभा असताना, येथे एखादे घर घ्यावे अशी बुद्धी मला झाली. घर शोधण्यासाठी आपण वर्षातला सर्वांत फसवा महिना निवडला आहे, हे कळायला मात्र वैशाख उजाडावा लागला.

मांडवगडाला थंड हवेचे ठिकाण म्हणणारे लोक थोडी अतिशयोक्ती करतात. गड समुद्रसपाटीपासून सुमारे 630 मीटरवर आहे, म्हणजे इंदूरपेक्षा जेमतेम ऐंशी-नव्वद मीटर उंच. वेगळेपण उंचीत नसून काठावर असण्यात आहे. माळव्याचे पठार येथे संपते, दक्षिणेची बाजू एकदम निमाडात, म्हणजे नर्मदेच्या सखल खोऱ्यात, उतरते आणि पावसाळी वारे त्या उतारावरून वर चढताना सरळ गावात शिरतात. त्यामुळे आषाढ-श्रावणात ढग खिडकीतून आत येतात, हे येथे शब्दशः खरे आहे. खिडकी बंद करायला विसरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गादी उन्हात टाकावी लागते आणि ऊन तर नसतेच.

पहिला सौदा फिसकटला, ते बरेच झाले. दरीच्या काठावर दीड बिघा जमीन, किंमत अविश्वसनीय वाटावी इतकी कमी, आणि मध्यस्थ प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘साहब, नज़ारा देखिए’ असे म्हणणारा. जमीन एका भिल्ल कुटुंबाची होती. धार तहसील अनुसूचित क्षेत्रात येते आणि मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 165(6) प्रमाणे अशा क्षेत्रातली आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी माणसाला विकतच घेता येत नाही. मध्यस्थाला हे अर्थातच ठाऊक होते. त्याच्याकडे उपायही तयार होता: रजिस्ट्री गावातल्याच कोणा आदिवासी माणसाच्या नावाने करायची आणि पैसे व ताबा मात्र आपला. असे व्यवहार होतात, आणि शहरातली सभ्य माणसे ते करतात, हे मला त्या दिवशी कळले. घरी येऊन मी संहिता काढून वाचली. कलम 170-ख वाचल्यावर तर जमिनीचा मागचा इतिहासही तपासायला हवा, हे लक्षात आले. कारण 1959 ते 1980 या काळात आदिवासी खातेदाराकडून निघून गेलेली शेतजमीन, मधल्या काळात ती कितीही हातांतून फिरलेली असली, तरी मूळ कुटुंबाकडे परत जाऊ शकते. त्यानंतर मी शेतजमिनीचा नादच सोडला आणि आबादीतले, म्हणजे गावठाणातले, एखादे जुने घर शोधू लागलो.

ते कार्तिकात मिळाले. दगड-मातीच्या भिंती, वर कवेलू (कौले), पुढे ओटा, मागे परसू आणि परसात एक कडुनिंब. मालक धारला स्थायिक झालेले व्यापारी होते आणि तीन पिढ्यांचे कागद त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात नीट ठेवलेले होते. रजिस्ट्री पत्नीच्या नावे केली, सरकारी नोंदीत नाव चढले, आणि त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते पुढचे. मांडवगडावर जिकडे पाहावे तिकडे संरक्षित वास्तू आहेत. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये जी सुधारणा झाली, तिच्याप्रमाणे अशा वास्तूच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या 200 मीटरांत बांधकामच काय, दुरुस्तीसाठीही आधी परवानगी लागते. आमचे घर जवळच्या वास्तूपासून 160 मीटरवर निघाले. म्हणजे घर आमचे, पण त्याचे छप्पर बदलण्याचा अधिकार अर्जावर अवलंबून. अर्जासोबतच्या नकाशात मी अंतर घराच्या दारापासून मोजून लिहिले होते, आमच्या जागेच्या सीमेपासून नाही. ती चूक दुरुस्त करून पुन्हा अर्ज करीपर्यंत पाऊस सुरू झाला आणि आमचा पहिला पावसाळा कवेलूंवर ताडपत्री अंथरून गेला. या नियमाबद्दल गावात कुरकुर ऐकू येते आणि ज्याला मुलासाठी एक खोली वाढवायची आहे, त्याची अडचण खरीच आहे. पण हा नियम नसता, तर सागर तलावाभोवती आज काय उभे राहिले असते, याची कल्पना इंदूरच्या माणसाला करून द्यावी लागत नाही.

पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी आईने विचारला होता. तिचे माहेर धारचे. घराची छायाचित्रे दाखवली, तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “नजारा पाहिलास रे, पण पिणार काय?” नळ आहे, असे मी सांगितले. घर पाहताना मी तो उघडूनही पाहिला होता आणि पाणी धो-धो आले होते. “दिवाळीच्या सुमारास कुठल्या नळाला पाणी नसते?” एवढेच बोलून तिने चष्मा काढून ठेवला.

वैशाखात राहायला गेलो, तेव्हा नळाची धार करंगळीएवढी झाली होती आणि शेजारच्या काकी पहाटे चारला हंडे घेऊन विहिरीवर जात होत्या. गडाचा दगड काळा, अग्निजन्य. त्याच्या भेगा जेथे असतील तेथेच पाणी मुरते, बाकीचे कड्यांवरून खाली निमाडात निघून जाते. बोअरवेल लागली तर लागली, नाहीतर पैसे दगडात. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, हे तत्त्व आपण मराठी माणसे शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि मी ते एका गडावर घर घेतानाच विसरलो.

मांडवगडाच्या इतिहासात ही गोष्ट पूर्वीही घडली आहे. 1617 च्या उन्हाळ्यात जहांगीर बादशहा येथे आला आणि काही महिने राहिला. येथल्या पावसाळ्याचे त्याने भरभरून कौतुक लिहून ठेवले आहे. त्याच्याबरोबर आलेला इंग्रजांचा राजदूत सर टॉमस रो मात्र त्याच गडावर, त्याच वर्षी, पाण्याच्या टंचाईने हैराण झाला होता, कारण हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या विहिरींवर बड्या सरदारांनी हक्क सांगितला होता. दोघांनीही खरेच लिहिले आहे. मी चाळीस वर्षे बादशहाच्या बाजूने मांडवगड पाहत होतो, एवढेच.

त्याहून जुन्या सुलतानांना ही अडचण पुरती ठाऊक असावी. जहाज महालाच्या दोन्ही अंगांना मुंज आणि कपूर हे तलाव आहेत, ते पर्यटकांना शोभेचे वाटतात. गच्चीवर गेल्यावर पन्हळींकडे पाहावे. गच्चीवर पडलेले पाणी वळणावळणाच्या, गोगलगाईच्या शंखासारख्या दगडी वाटेने हौदात सोडलेले आहे. वाट लांबली की वेग मंदावतो आणि गाळ मागे राहतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गियासुद्दीन खलजीच्या काळात, बांधलेली ही व्यवस्था मी निदान वीस वेळा ओलांडून पुढे गेलो असेन. वैशाखातल्या त्या आठवड्यात मी तिच्यापाशी तासभर बसलो.

आमच्या परसात कडुनिंबाखाली एक खोलगट जागा होती, तिच्यात मागच्या पिढीने फुटके कवेलू, बाटल्या आणि राख टाकलेली होती. काकींनी सांगितले की ते टाके आहे. उपसल्यावर खरोखरच बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि सात फूट खोल असे चुन्याच्या गिलाव्याचे टाके निघाले, म्हणजे काठोकाठ भरले तर सुमारे एकोणीस हजार लिटर. गिलावा दोन ठिकाणी फुगला होता. इंदूरहून नेलेल्या मिस्त्रीने सिमेंट मारून देतो म्हटले. गावातल्या वृद्ध कारागिराने मान हलवली. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा थर दिला, तर आतला ओलावा कोंडतो आणि दोन वर्षांत थरच सुटून येतो, असे त्याचे म्हणणे. त्याने चुना भिजत घातला, विटांची सुरखी (भुकटी) चाळली, बेलफळाचा गर आणि गुळाचे पाणी मिसळले, आणि हे सर्व इतक्या सावकाश केले की माझ्यासारख्या नोकरदार माणसाचा जीव कासावीस झाला. ही दुरुस्तीही त्याच अर्जात मागितलेली असल्यामुळे काम हिवाळ्यातच सुरू होऊ शकले; घाई करूनही तसा उपयोग नव्हता.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आमचे छप्पर सत्तर चौरस मीटर आहे. कवेलू शोषून घेतात, पहिल्या दोन पावसांचे पाणी धुळीसकट सोडून द्यावे लागते, तेव्हा पाचवा हिस्सा गेला असे धरले, तरी साडेतीनशे मिलिमीटर पावसात टाके भरते. दुसऱ्या पावसाळ्यात ते राखी पौर्णिमेच्या आत भरले. मी इंदूरला फोन करून आईला सांगितले, तेव्हा तिने झाकण लावले का, एवढेच विचारले.

पाण्याची काळजी मिटली आणि मग मला महिने दिसू लागले. श्रावण आता आमच्या लेखी सर्वांत अवघड महिना आहे: रविवारी मोटारींची रांग लागते, चपलांना बुरशी येते, कपड्यांना कुबट वास येतो, आणि वानरे कवेलू सरकवून जातात, म्हणून दर आठवड्याला कोणीतरी शिडीवर चढावे लागते. खरा काळ नवरात्रानंतर सुरू होतो. हवा धुऊन स्वच्छ झालेली असते, आणि रूपमतीच्या मंडपातून खाली निमाडात नर्मदेची चांदीची रेघ स्पष्ट दिसते, जी श्रावणात धुक्यामुळे बहुतेकांना दिसतच नाही. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या येतात. कोजागिरीला आम्ही ओट्यावर दूध आटवले, शेजाऱ्यांना बोलावले. काकींना केशराचा वास औषधासारखा वाटला, पण त्यांच्या नातवाने तीन पेले प्यायले.

थंडीत गोरखचिंचेची झाडे निष्पर्ण होतात. येथे त्यांना खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेची ही झाडे जुन्या काळी व्यापाऱ्यांबरोबर किंवा हबशी लोकांबरोबर आली, असे मानतात. पानांशिवाय ती मुळे वर करून पुरल्यासारखी दिसतात, आणि त्यांची फळे फोडून आतला पांढरा, कोरडा, आंबट गर विकायला ठेवलेला असतो. पत्नी त्याची चटणी करते. मला ती आवडत नाही, हे येथे लिहून ठेवतो. त्याच दिवसांत रुईच्या पानांमध्ये मक्याचे पीठ दाबून गोवऱ्यांवर भाजलेले पानिये आणि त्याबरोबर उडदाची डाळ असते, आणि त्यासाठी मात्र मी इंदूरची सराफ्यातली गराडू, म्हणजे तळलेला कंद, सुद्धा सोडायला तयार आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया या आदिवासी सणाचे बाजार भरतात, गावोगावचे ढोल रात्री उशिरापर्यंत ऐकू येतात. चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात आणि ती वेचायला निघालेल्या बायकांचे बोलणे अंधारातच कानावर येते. महिन्यातले आठ दिवस आम्ही तेथे असतो, आणि दोघांना मिळून दिवसाला अडीचशे लिटर पाणी पुरते. भांडी घासलेले पाणी कडुनिंबाला जाते.

ज्यांना अशा गावात घर घ्यायचे आहे, असे दोन-तीन मित्र अलीकडे सल्ला विचारतात. कागद वकिलाकडून तपासून घ्या, अंतर मोजून घ्या, हे मी सांगतोच. त्याहून आग्रहाने सांगतो की घर पाहायला वैशाखात जा, तेही दुपारी दोन वाजता, आणि शेजारी किती वाजता उठतात ते विचारा. त्यांतला एकजण या आठवड्यात जाणार होता. उकाड्यामुळे त्याने बेत श्रावणापर्यंत पुढे ढकलला आहे.

शनिवारी मी टाक्यात काठी बुडवली. चौदा इंच पाणी होते, म्हणजे तीन हजार लिटरच्या थोडे वर. काकींच्या नातीचे लग्न येत्या शुक्रवारी आहे, मांडव आमच्या परसापर्यंत आला आहे, आणि त्यांनी संकोचत वीस हंडे मागितले आहेत. आईला फोनवर विचारले. तिने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, “तीस दे. आणि झाकण उघडे ठेवू नकोस, लग्नाघरची पोरे असतात.”