मोजणीच्या आधी गावात जा

मोठ्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्या सगळ्यांनी तो चौकोन कधी ना कधी काढलेला असतो, एका बाजूला ताकद, दुसऱ्या बाजूला इंटरेस्ट, आणि चार खणांत सगळे स्टेकहोल्डर, म्हणजे प्रोजेक्टशी संबंध येणारी सगळी माणसं आणि संस्था, बसवायचे. मंत्रालय, बँक वरच्या खणात, खातेदार शेतकरी बहुतेक वेळा "माहिती देत राहा" वाल्या खणात. चौकोनाबद्दल माझी तक्रार नाही, तो एकदा काढून फाइलला लावून टाकतात त्याबद्दल आहे, कारण माणसं काय एका खणात बसून राहत नाहीत.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचंच घ्या ना. 701 किलोमीटरचा रस्ता, आणि आपल्या नाशिकच्या सिन्नर तालुक्यात शिवडे गावाला लोक मोजणीलाच आडवे आले. सुरुवातीला लँड पूलिंग होतं, म्हणजे जमीन द्या आणि बदल्यात विकसित प्लॉट घ्या. अहो, ज्याचं घर विहिरीच्या पाण्यावर चालतं तो प्लॉट घेऊन करणार काय? मग 2017 मध्ये थेट खरेदी आली, मोबदला पाचपटीपर्यंत गेला, आणि खरेदीखतं व्हायला लागली. कागदावर ज्यांची ताकद सगळ्यात कमी होती त्यांनीच योजना बदलायला लावली.

पण पैसे दिले की विषय संपला असं अजिबात नसतं. रस्ता रानाच्या मधून गेला की विहीर एकीकडे, पीक दुसरीकडे. भराव टाकायच्या आधी तिथे आडवा ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचा मोठा पाइप, टाकून ठेवला तर शेतकऱ्याला त्यातून आपली पाइपलाइन ओढता येते, काम अगदी किरकोळ. भराव झाल्यावर तेच करायचं म्हटलं तर खालून जॅकने पाइप ढकलत न्यायचा, खर्च वेगळा, परवानग्या वेगळ्या, आणि तोवर त्या माणसाचं पीक जळून गेलेलं असतं. अंडरपासचं पण तसंच, चाऱ्याची गाडी किती उंच भरतात आणि पावसाचं पाणी कुठे तुंबतं हे ड्रॉइंगवर नसतं, बांधावर उभं राहून विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

ग्रामसभेत नाही कळत. तिथे पुढारी बोलतात आणि बाकीचे ऐकतात. शिवाय सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतात आणि चर्चेला फक्त भाऊ बोलावलेला असतो, मग सहीच्या वेळी सगळं अडतं, आणि त्यात त्या बायकांची चूक काहीच नाही, त्यांना आधी कोणी विचारलेलंच नसतं.

2025 च्या शेवटी नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. त्यांची तिथे एक गुंठा पण जमीन नव्हती, मोबदल्याच्या यादीत कोणाचं नाव नव्हतं, तरी काम त्यांच्यामुळे अडलं.

आता कुंभाच्या निमित्ताने रिंग रोडचं बोलणं चाललंय. तिथल्या भूसंपादनाच्या लोकांना आणि कन्सल्टंटना माझं कळकळीचं सांगणं आहे, अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची आखणी, अजून हलू शकते तोवर नकाशा घेऊन त्या गावांत जा, आणि बहिणींनाही बोलवा.