कणकुंबीला थंडीत मुक्काम करणार असाल तर: रस्ता, गाड्या आणि सकाळची पहिली किक

डिसेंबर-जानेवारीत बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे गाडीवर जाणारे बहुतेक जण पहाटे निघतात आणि दुपारच्या जेवणाला घरी पोचतात. आम्ही यंदा शनिवारी दुपारी निघालो, कणकुंबीजवळच्या एका खेड्यात मित्राच्या मामांकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळी तिथूनच परतीच्या वाटेला लागलो. फरक एवढाच, पण गाड्यांसाठी तो फार मोठा असतो. टिळकवाडीतल्या पार्किंगमध्ये, भिंतींच्या आडोशाला उभी राहणारी गाडी आणि घाटमाथ्यावर अंगणात दवात भिजलेली गाडी सकाळी सारखी वागत नाही. म्हणून हा वृत्तांत ठिकाणांपेक्षा गाड्यांबद्दल जास्त आहे. तिघांच्या तीन तऱ्हेच्या गाड्या होत्या: कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा साध्या भांड्यात मिसळणारी) शंभर सीसीची गाडी आणि फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे पंपानं पेट्रोल फवारणारी, नव्या प्रदूषण नियमांतली बीएस-सिक्स.

रस्ता सोपा आहे. पिरनवाडीवरून किणये, मग कुसमळीला मलप्रभा ओलांडायची आणि जांबोटी. तिथून पुढं जंगल दाट होत जातं. कणकुंबीत श्री माउलीचं देऊळ आहे आणि मलप्रभेचा उगम तिथलाच. समुद्रसपाटीपासून जवळपास आठशे मीटर उंची, तिन्ही बाजूंनी झाडी, त्यामुळे सूर्य कलला की गारवा उतरतो. दक्षिणेकडं भीमगड अभयारण्य लागून आहे, २०११ साली जाहीर झालेलं. संध्याकाळी आणि पहाटे गवे रस्त्यावर येतात, तेव्हा त्या वेळेत वेग आवरा.

मामा ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं सांभाळणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडं गावोगाव फौजी घरं आहेत, पण मामांचं काम वेगळं होतं. सियाचीनकडच्या पोस्टिंगमध्ये ते स्नो स्कूटरच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलच्या, देखभालीवर होते. आम्ही पोचलो तेव्हा चहा व्हायच्या आधी ते गाड्यांभोवती एक चक्कर मारून आले आणि विचारलं, “सकाळी किती वाजता निघणार?” सात म्हटल्यावर म्हणाले, “मग आत्ताच कामाला लागा. तिकडं वर सकाळी गाडी चालू करायची म्हंजे काम आदल्या संध्याकाळचं. सकाळी नुसतं बटण दाबायचं.”

रात्री जेवणं झाल्यावर चुलीपाशी बसून त्यांनी जे सांगितलं, त्यातलं बरंचसं आपल्या दहा-बारा अंशांच्या थंडीलाही लागू पडतं. बर्फावरच्या जुन्या गाड्या टू-स्ट्रोक. त्यांच्यात ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, खाली चेंबरमध्ये ऑइलचा साठा नसतो, व्हॉल्व्ह नसतात, इंजिन हलकं. दोरी ओढली की फिरतं. फोर-स्ट्रोक गाडी पेट्रोल कमी पिते, धूर कमी करते, आवाजही कमी. पण इंजिनाखाली दोन-तीन लिटर ऑइल असतं आणि उणे तीसमध्ये ते इतकं घट्ट होतं की स्टार्टरला क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवणंच जड जातं. त्याच वेळी बॅटरी अर्धमेली. लेड-ॲसिड बॅटरीची ताकद उणे अठराला निम्म्याच्या आसपास उरते. म्हणजे ओझं वाढतं आणि ओढणारा दमतो, दोन्ही एकदम. “बॅटरी रात्री काढून आमच्याबरोबर आत झोपायची,” मामा म्हणाले. अशा गाड्यांना ऑइलही झिरो-डब्ल्यूच्या वर्गातलं, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही पातळ राहणारं, लागतं.

या स्नोमोबाइल आपल्या गाड्यांच्या अगदी परक्या नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं. यामाहानं २००३ च्या मॉडेलमध्ये आर-वन या मोटारसायकलवरून घेतलेलं ९९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बर्फावरच्या गाडीला बसवलं होतं. तेव्हा बर्फावर ज्या कारणांनी फोर-स्ट्रोक अडते, ती सगळी कारणं आपल्याकडंही असतात. फक्त तिथं ती गाडी जागची हलू देत नाहीत आणि इथं सकाळचा अर्धा तास खातात.

आता ऑइलच्या डब्यावरच्या आकड्याबद्दल, कारण गॅरेजमध्ये यावर नेहमी वाद होतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा गरम इंजिनातला. २०डब्ल्यू ऑइलची क्रँक फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांना होते, १०डब्ल्यूची उणे २५ला, झिरो-डब्ल्यूची उणे ३५ला. म्हणजे खानापूर तालुक्यातल्या थंडीत २०डब्ल्यू-५० घातलं म्हणून इंजिन अडकून बसत नाही. पण ज्या गाडीला कंपनीनं १०डब्ल्यू-३० सांगितलंय, तिच्यात ‘जाड ऑइल टिकतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणं चूकच. सकाळी किक जड लागते आणि ऑइल वर रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) पोचायला वेळ जातो. मॅन्युअलमध्ये आहे तेच घाला. आपल्या हवेला झिरो-डब्ल्यूच्या मागं लागायची काही गरज नाही.

शंभर सीसीची गाडी एरवी रोज घर ते दुकान, दुकान ते घर एवढीच फिरते. मामांनी तिच्या ऑइलची डिपस्टिक काढून दिव्याखाली धरली. टोकाला ऑइल ठीक होतं, पण झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा, सायीसारखा थर. इंजिन नीट तापायच्या आत बंद झालं की आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही, पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते, त्याचा हा फेस. बर्फाळ प्रदेशात हीच वाफ ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीत गोठते, नळी बंद होते आणि आतला दाब ऑइल सील फोडून बाहेर पडतो. आपल्याकडं एवढं होत नाही. पण थर दिसला तर महिन्यातून एखादी सलग तासाभराची फेरी मारा, आणि ऑइलच दुधाळ झालं असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, बदला.

रात्री पडवीत भाताचं पिंजार आणि सरपण, जागा एका गाडीपुरतीच. बुलेट आत गेली, बाकी दोन्ही अंगणात. मामांनी कार्बोरेटरवाल्या दोन्ही गाड्यांचे पेट्रोल कॉक बंद करायला लावले, सीटवर आणि इंजिनावर पोती टाकली. पोत्यानं गाडी गरम राहत नाही, पण दव थेट प्लगच्या टोपीवर आणि वायरींवर बसत नाही.

सकाळी पारा दहाच्या आसपास होता. सगळ्यांना धास्ती बुलेटची, आणि तीच सगळ्यात शहाण्यासारखी वागली, कारण चालवणाऱ्याला पद्धत ठाऊक होती. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी जुन्या पद्धतीचा उघडझाप होणारा स्विच असलेल्या) जुन्या बुलेटला ती अशी: कॉक उघडून चोक लावायचा, चावी बंद ठेवून दोन-तीन किक हळू मारायच्या म्हणजे पेट्रोल आत खेचलं जातं. मग चावी लावायची आणि किक दाबत न्यायची. अँमीटरचा (करंट दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा डावीकडून मधोमध आला की थांबायचं. डीकॉम्प्रेसरचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढून किक जराशी पुढं सरकवायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, पण पूर्ण तळापर्यंत. ॲक्सिलरेटरला हात नाही. नुसत्या ताकदीनं किक मारणाऱ्याला ती उलटी मारते आणि पाय दुखावतो.

शंभर सीसीवाली मात्र चालू होईना. चोक ओढलेला आणि वर ॲक्सिलरेटरही पिळलेला, त्यामुळे थोड्याच वेळात पेट्रोलचा वास सुटला. मामा ओसरीवरून ओरडले, “अरे किक मारायलाईस की पेट्रोल पाजायलाईस तिला?” पेट्रोल पातळ रूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडीत वाफ कमी होते म्हणून चोक लावून मिश्रणात पेट्रोल वाढवायचं. पण पेटलं नाही तर तेच पेट्रोल प्लगवर बसतं आणि ठिणगी मरते. अशा वेळी चोक पूर्ण बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि पाच-सहा किक मारा. आतलं जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. तरी जमलं नाही तर प्लग काढा. मामांनी तो फडक्यानं पुसला, चिमट्यात धरून चुलीच्या निखाऱ्यांजवळ थोडा वेळ धरला आणि कोमट असतानाच परत लावला. गाडी फटकन लागली. प्लग-पाना सोबत ठेवा, आणि एक नवा प्लगही.

हीच गाडी दर थंडीत सारखी अडत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, तपासून घ्या. व्हॉल्व्हची फट कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. बऱ्याच इंजिनांत इंजिन तापल्यावर फट वाढते, म्हणून सकाळी चालू न होणारी गाडी दुपारी पहिल्या किकला लागते आणि मेकॅनिकला दोष सापडत नाही. टॅपेट थंड इंजिनावरच मोजायचे असतात. गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्ये सोडून या.

तिसरी गाडी इंजेक्शनची. तिला चोकची भानगड नाही. चावी लावायची, पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग बटण. तिनं नुसतं टकटक केलं. रात्री मोबाइल चार्जिंगला लावलेला, वर बाहेरून बसवलेले फॉग लाइट. बॅटरी बारा व्होल्टच्याही खाली. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६च्या आसपास दाखवते, १२.४ दिसले की मुक्कामाला जाण्याआधी चार्ज करून घ्या. यातल्या बऱ्याच गाड्यांना किक नसते, आणि ढकलून चालू करायचं म्हटलं तरी पंप आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला) थोडा करंट लागतोच. बॅटरी पार झोपली असेल तर उतारही उपयोगाचा नाही. आम्ही दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायर जोडली: आधी प्लसला प्लस, मग दुसरी वायर एका बाजूला त्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसऱ्या बाजूला बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. वायर देणाऱ्या गाडीचं इंजिन त्या वेळी बंद ठेवायचं. अशी जाड वायर तिघांत एक असली तरी पुरते, पण असायलाच हवी.

परतताना जांबोटीच्या अलीकडं दाट धुकं लागलं आणि एका लयीत चाललेली शंभर सीसीवाली चौकात येऊन उभी राहिली ती बंदच पडली. कार्बोरेटरला हात लावला तर बर्फासारखा गार, बाहेरून थेंबच थेंब. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरंच खाली जातं. हवा दमट असेल तर शून्याच्या वरच्या थंडीतही आत बर्फ धरू शकतो. धुक्यात गाडी अशी बंद पडली तर लगेच कार्बोरेटर उघडायला जाऊ नका. इंजिनाची ऊब वर चढू द्या. आमचा चहा होईपर्यंत गाडी आपणहून ठीक झाली.

यात पेट्रोलचाही भाग आहे. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. आपल्या जिल्ह्यातल्या उसावर कारखाने चालतात, त्यातले बरेच इथेनॉलही करतात, तेव्हा त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण त्याचा स्वभाव माहीत हवा. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांत थंड सकाळसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची, ती यामुळेच. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी दवात राहिली की आतल्या हवेतलं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं. म्हणून टाकी बेळगावातच काठोकाठ भरून निघा. महिनाभर उभी असलेली कार्बोरेटरवाली गाडी नेणार असाल तर आदल्या दिवशी कार्बोरेटरच्या बाउलचा खालचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढून टाका. शिळं पेट्रोल स्लो जेट (जागेवर चालू गाडीला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) बुजवतं आणि चोकशिवाय गाडी जागेवर चालूच राहत नाही.

जांबोटीहून आम्ही खानापूरकडं वळलो आणि नंदगडला गेलो. २६ जानेवारी १८३१ रोजी कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णांना इंग्रजांनी इथंच फाशी दिलं. समाधीपाशी थोडा वेळ बसा. पुढं हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे. ते पाहायला घाई करू नका, दगडी सभामंडपात दुपारीही गारवा असतो.

बेळगावला मात्र अंधारापूर्वी पोचा. ऊसतोडणीच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि मागच्या ट्रॉलीला लाइट तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. समोरून एकच दिवा दिसला तरी ती मोटारसायकल धरून चालू नका. ओव्हरटेक करायच्या आधी दोन्ही ट्रॉल्यांच्या पुढचा रस्ता दिसतोय ना, ते बघा.