तुम्ही विचारलंत म्हणून: सुमोवाले एवढं मीठ का फेकतात?

मी सुमो, म्हणजे जपानी कुस्ती, बघते हे कळलं की प्रश्न ठरलेला, "अगं १० सेकंदांची कुस्ती, आणि त्याआधी ४ मिनिटं नुसतं मीठ काय उधळत बसतात?" तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण मला ती ४ मिनिटंच जास्त आवडतात.

सुमोच्या आखाड्याला दोह्यो म्हणतात, मातीचा ओटा आणि त्यावर भाताच्या पेंढ्याचं ४.५५ मीटरचं रिंगण. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याच्या मधोमध खड्डा करून मीठ, धुतलेले तांदूळ, चेस्टनट, सुकवलेलं माकूळ असं काय काय पुरतात आणि देवाला बोलावतात, म्हणजे पुढचे १५ दिवस ती जागा देवाची. मीठ ती शुद्ध करायला, पाय उंच उचलून आपटतात तो शिको, जमिनीतलं वाईट दाबून टाकायला, आणि हात पसरून तळवे दाखवतात ते हत्यार नाही हे सांगायला. आपला पैलवान लाल मातीच्या पाया पडून आखाड्यात उतरतो ना, मग हे आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही.

सुरुवात कुठून झाली म्हणाल तर ७१२ सालच्या कोजिकी ग्रंथात दोन देवांची झुंज आहे, भूमीवर राज्य कुणाचं ते त्यावर ठरलं. पण मला विचाराल तर ओमिशिमा बेटावरच्या ओयामाझुमी मंदिरातली हितोरी-झुमो बघा. भातलावणीच्या उत्सवात पैलवान एकटाच रिंगणात येतो, समोर कुणीच नाही, म्हणजे दिसत नाही, समोर भाताचं दैवत. तो हवेलाच पकड घालतो, जोर लावतो, मागे रेटला जातो आणि पडतो. ३ कुस्त्या, २ देव जिंकतो, १ माणूस, आणि देव जिंकला की पीक चांगलं येतं! मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला.

आखाडा देवाचा, म्हणूनच जिंकल्यावर नाचायचं नाही. २००९ मध्ये असाशोर्यूने स्पर्धा जिंकून दोन्ही हात वर केले तर त्याला बोलणी खावी लागली, योकोझुना म्हणजे सगळ्यात वरचा पैलवान ना, त्याने हरलेल्यासमोर असं करायचं नसतं.

एक मात्र मला अजिबात पटत नाही. बायकांना दोह्योवर पाय ठेवायची बंदी आहे. २०१८ मध्ये माइझुरू शहरात तिथले महापौर दोह्योवरच कोसळले, बायका धावत वर गेल्या, प्रथमोपचार करत होत्या आणि माइकवरून त्यांना खाली उतरा म्हणून सांगितलं गेलं. सुमो संघटनेच्या अध्यक्षांनी नंतर माफी मागितली. बंदी तशीच आहे.