अठ्ठ्याण्णव की शहाऐंशी

गोव्यात डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी आहे. संध्याकाळी साडेसातनंतर गिऱ्हाईक कमी झालं की काउंटरबाहेरच्या स्टुलावर कोणी ना कोणी टेकतं आणि गप्पा फिरून फिरून तिथंच येतात, "तू तर सगळं जवळून बघितलंस. कोविडनं तुला काय शिकवलं?" मार्च लागला की हा प्रश्न जास्त येतो. एकदा उच्च माध्यमिकच्या दोन मुली प्रोजेक्टची वही घेऊन आल्या. त्यांनीही हेच विचारलं. प्रश्नाखाली उत्तरासाठी पाच ओळी सोडल्या होत्या.

माझं उत्तर ठरलेलं आहे: प्लास्टिकची पिशवी उघडताना बोटाला थुंकी लावायची सवय गेली. लोक हसतात, मुलींनी ते लिहूनही घेतलं. खोटं नाही ते, तेवीस वर्षांची सवय होती. पण ते विषय टाळायचं उत्तर आहे. तुम्हीही तोच प्रश्न विचारलात, पण मनापासून, म्हणून यावेळी टाळत नाही.

आधी माझ्या दुकानाची रचना सांगतो. काउंटरच्या आतली जमीन बाहेरच्यापेक्षा सहा इंच उंच आहे. वडिलांनी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून तशी करून घेतली होती. त्यामुळे मी कायम समोरच्यापेक्षा उंच दिसतो आणि समोरचा मान वर करून विचारतो. इकडे आम्हाला लोक दोतोर म्हणतात. नाही म्हणून सांगितलं तरी म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मी फार जोर लावून कधी सांगितलंही नव्हतं. "डोकं दुखतं" हे वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या हातात स्ट्रिप असायची. आम्ही बोलतो कोंकणी, लिहितो-वाचतो मराठी. या दोन्ही भाषांत "मला माहीत नाही" हे वाक्य मी काउंटरमागून उच्चारल्याचं मला आठवत नाही. औषध नसेल तर "संपलं, उद्या येईल." माहिती नसेल तरी साधारण तेच.

२२ मार्च २०२०, रविवार, जनता कर्फ्यू. देशाला तो एक दिवसाचा होता, आमच्याकडे तो संपलाच नाही. पहिले काही दिवस तर गोव्यात किराणा दुकानंसुद्धा बंद होती. अख्ख्या बाजारात एक माझंच शटर अर्धं वर. लोक माझ्याकडे दूध मागायचे, कांदे मागायचे. एकानं गॅसचा लायटर मागितला. केंद्र सरकारनं तीन पदरी मास्कचा दर १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरचा १०० रुपये ठरवून दिला होता. दर होता, माल नव्हता.

त्याच आठवड्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या गोळीचं प्रकरण झालं. आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधक म्हणून घ्यावी अशी सूचना आली, टीव्हीवर तिचं नाव झळकलं, आणि दोन दिवसांत ज्यांना मलेरियासुद्धा कधी झाला नव्हता ते ती मागायला आले. मी ओळखीच्यांना दिली. २६ मार्चला सरकारनं ती शेड्यूल एच-वनमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय नाही आणि वेगळ्या रजिस्टरात रोग्याचं, डॉक्टरचं नाव. तोवर माझी फळी रिकामी झाली होती. एप्रिलमध्ये मये गावची एक बाई आली. संधिवातासाठी ती रोज तीच गोळी घेते, वर्षानुवर्षं. माझ्याकडे एकही नव्हती. जूनमध्ये मोठ्या चाचण्यांतून कळलं की कोविडवर तिचा उपयोग नाही. त्या बाईची बोटं मात्र त्याआधीच सुजली होती.

हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गचं थोडक्यात सांगतो. तिथली माणसं औषधाला, बाजाराला, मोठ्या इस्पितळाला गोव्यातच येतात. आमच्यातल्या निम्म्यांची माहेरं तिकडे. हद्द बंद झाली तेव्हा मी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या पुडक्यांत घालून, वर नावं लिहून चेकनाक्यावर न्यायचो. पलीकडून कोणी तरी यायचं. मध्ये आडवा बांबू. पोलिसाच्या देखत पुडकं बांबूवर ठेवायचं, मागं सरायचं, मग त्यानं उचलायचं. पहिल्या दिवशी मला फार थोर वाटलं होतं. पुढं कंटाळा आला, पेट्रोलचा हिशेबही दिसायला लागला. तेही सांगायला हवं.

आता खरी गोष्ट. एप्रिल २०२१.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त मास्तर होते. भजनाला पेटी वाजवायचे, आणि वाड्यावरच्या कोणाच्याही माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या आराशीला, तोरिंगं त्यांच्याच झाडाची. एका सोमवारी सकाळी आले, काउंटरवर दोन्ही तळवे टेकले. म्हणाले, "कालपासून कसकस आहे रे. टेस्ट करू?" मागे चौघं उभे होते. मी म्हटलं, "काजूच्या बागेत उन्हात फिरलात असाल, मास्तर. पॅरासिटामॉल घ्या, पेज प्या, दोन दिवस बघा." यात वैद्यकीय असं काही नव्हतं. मला फक्त रांग पुढं न्यायची होती. पण मी ते अशा सुरात बोललो की ते निर्धास्त झाले. "बरं झालं विचारलं," असं म्हणाले आणि गेले.

दोन दिवसांचे त्यांनी चार केले, शिस्तीचे होते. चौथ्या रात्री मुलाचा फोन आला, बाबांना धाप लागलीय. १०८ आली. नवव्या दिवशी इस्पितळातच वारले. अंत्यविधीला आम्ही कोणी जाऊ शकलो नाही. पेटी पुढं कित्येक महिने देवळात कापडाखाली होती.

सोमवारी मी "आत्ता जा, टेस्ट करा" म्हटलं असतं तर वाचले असते का? कोणी म्हणतं, वय होतं, ते दिवसच तसे होते. खरंच तसे होते. मेच्या सुरुवातीला गोव्यात चाचणी केलेल्या दर दोघांत एक पॉझिटिव्ह निघत होता. काकी, मास्तरांच्या पत्नी, अजून माझ्याकडूनच गोळ्या नेतात. त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत एका सकाळी सात वाजता वाठादेवच्या एका मावशीचा फोन. एकटी राहते, मुलगा दुबईला. त्यानं हट्ट करून माझ्याकडून ऑक्सिमीटर घ्यायला लावला होता आणि मीच तिला ९४ च्या खाली गेला तर फोन कर म्हणून शिकवलं होतं. ती म्हणाली, "शहाऐंशी दाखवतंय रे. पण मला काय होत नाही."

"पण मला काय होत नाही" हे ऐकूनच मला घाम फुटला. ऑक्सिजन उतरलेला असतानाही माणूस ठणठणीत बोलतो, चालतो, हे तोवर आम्हाला कळून चुकलं होतं. शटर तसंच टाकून स्कूटर काढली. तिच्या सोप्यावर पोचलो तर ही बाई भिरंडं, म्हणजे कोकमं, फोडत बसलेली, सोलं करायला. हात मनगटापर्यंत तांबडे. श्वास माझा लागलेला, तिचा नाही. मी तिची बोटं धुवायला लावली, पुसली, ऑक्सिमीटर लावला. ९८. तिनं लावला. ८६. परत मी, ९८. परत ती, ८६.

मग उजेड पडला. मी तिच्यासमोर बसलो होतो. पडद्यावरचे आकडे इंग्रजी, आणि इंग्रजी नऊ उलटा धरला की सहा होतो, आठ आठच राहतो. ती यंत्र उलटं लावत होती, म्हणून अठ्ठ्याण्णवाचे शहाऐंशी. घरी येऊन मी कागदावर लिहून बघितलं. ९९ चे ६६ होतात. गंमत म्हणजे ९६ मात्र कसाही धरा, ९६ च. मावशीचा ऑक्सिजन त्या दिवशी दोन आकडे कमी असता तर मला सकाळचा चहा मिळाला असता.

तेव्हा मात्र गंमत वाटली नव्हती. पाय लटपटत होते, मी सोप्यावरच बसून राहिलो. शेजारच्या नातीनं नेलपॉलिशचा एक ठिपका आणून यंत्राच्या डोक्यावर लावला: हा ठिपका बोटाच्या टोकाकडे. (नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो, यंत्राला लावलेलं चालतं.) शिकवताना मी तिला फक्त "बोट आत घाल" म्हटलं होतं. कुठल्या बाजूनं हे मला इतकं उघड वाटलं की सांगितलंच नाही. तेव्हापासून एक सवय लागली आहे: काहीही दिलं की समोरच्याला म्हणतो, आता तुम्ही मला करून दाखवा. इनहेलरवाले तर यात हमखास नापास होतात. वर्षानुवर्षं मी त्यांना पंप विकत होतो आणि ते औषध जिभेवर मारून घेत होते.

१० मेला गोवा सरकारनं जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध द्यायचं, पाच दिवस, प्रतिबंधक म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्चअखेरीसच सांगितलं होतं की हे औषध चाचण्यांबाहेर कोविडसाठी वापरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक, बसचा ड्रायव्हर, घरात चार माणसं. "घेऊ काय?"

मी तोंड उघडलं आणि आतून मास्तरांचे दोन तळवे दिसले. म्हटलं, "म्हाका खबर ना." मला माहीत नाही.

तो म्हणाला, "तुका खबर ना जाल्यार कोणाक आसतली?" तुला नाही तर कोणाला असणार?

माझी समजूत अशी होती की असं म्हटलं की माणूस उठून दुसऱ्या दुकानात जातो. तो गेला नाही. उभाच राहिला. आणि अशा वेळी नेमकं काय करायचं ते मला येत नव्हतं. कारण मी तिथवर कधी पोचलोच नव्हतो. मग मी उंबऱ्यावरून खाली उतरलो, बाहेर त्याच्या बाजूला उभा राहिलो आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं: सरकार हे म्हणतं, संघटना ते म्हणते, तुझ्या बायकोला लिव्हरचा त्रास आहे हे मला माहीत आहे, तेव्हा तिच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तिला तर देऊच नकोस. त्यात वीस मिनिटं गेली. मागच्या रांगेतले दोघं कंटाळून निघून गेले, तिसरा ऐकत थांबला.

त्यानंतर पाचव्या दिवशी, १६ तारखेला, तौक्ते चक्रीवादळ. झाडं पडली, खांब पडले, आमच्याकडे वीज गेली ती तिसऱ्या दिवशी आली. माझ्या फ्रिजात बेचाळीस जणांचं इन्सुलिन. ते दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पण गोठलं तर फुकट, बर्फाला टेकवायचं नाही. बाजारातल्या नुस्तेंवालीनं, मासेवालीनं, तिची थर्मोकोलची पेटी दिली, बर्फही तिचाच. मी वर टॉवेलांचे दोन थर घातले, त्यावर इन्सुलिन. तीन दिवस दुकानात बांगड्याचा वास. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे थंड जागी, फ्रिजाबाहेरही चालते, हे मी प्रत्येकाला फोन करून सांगितलं. पण पेटीतलं शेवटपर्यंत चांगलं राहिलं का, असं एकीनं विचारलं तेव्हा पुन्हा "म्हाका खबर ना" म्हटलं आणि ती बाटली बदलून दिली. नुकसान झालं. ड्रायव्हरचा प्रसंग आधी घडला नसता तर मी ती बदलून दिली असती असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

एवढंच आहे माझ्याकडे. मी काही बदलून संत झालो नाही. गर्दीच्या वेळी अजूनही वाक्य अर्धं ऐकून स्ट्रिप काढतो, परवाच एका म्हाताऱ्यानं मला थांबवून "आदीं आयक" म्हटलं. फक्त "कधीपासून?" आणि "आणखी काय चालू आहे?" हे दोन प्रश्न आता आधी येतात. जिथं उत्तर नसतं तिथं नाही म्हणतो आणि काउंटरच्या बाहेर येतो. गिऱ्हाईक वाढलं का? नाही. रांग मात्र लांबली.

मावशी अजून येते, दोन-तीन महिन्यांनी, ऑक्सिमीटरचे सेल बदलायला. आता त्याची गरज नाही असं मी दोनदा सांगून बघितलं. गेल्या खेपेला मी नवे सेल घातले, तिनं ठिपका बघून बोट घातलं, पडद्याकडे वाकून वाचलं, "सत्त्याण्णव." मग माझ्याकडे बघितलं. "परतून येतलें काय रे तें?" कोविड परत येईल का, असं.

"म्हाका खबर ना, मावशे."

"बरें," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा ऐकू येईपर्यंत बसली होती. मग त्याच्याकडून चार पाव घेऊन गेली. सेलचे पैसे द्यायचे राहिले, मीही मागायचे विसरलो.