तुम्ही विचारलंत म्हणून : मुद्रांकावरची सोडचिठ्ठी

सांगलीत वकिली करताना मला सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असा : “पाचशेच्या मुद्रांकावर दोघांच्या सह्या आहेत, पंच साक्षीदार आहेत, नोटरीचा शिक्काही आहे, मग घटस्फोट झालाच ना?”

नाही, झालेला नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ ज्यांना लागू आहे त्यांचा घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. एखाद्या समाजात सोडचिठ्ठीची रूढी पूर्वापार असेल, तर कलम २९ तिला मान देते हे खरे. परंतु ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, ‘आमच्यात असंच चालतं’ एवढे सांगून भागत नाही. तासगावकडची एक मुलगी असाच कागद जपून घेऊन आली होती. त्याच्या भरवशावर भावकीने तिचे दुसरे लग्न लावून दिले होते, आणि पुढे पटेनासे झाल्यावर त्या दुसऱ्या नवऱ्यानेच तिला सुनावले, की तुझे पहिले लग्न कायम आहे, तेव्हा आपले लग्न झालेलेच नाही. कायद्याने त्याचे म्हणणे चूक नव्हते. हे तिला सांगणे मला फार जड गेले, कारण कागद करताना घरातले सगळे मोठे हजर होते आणि त्याचे परिणाम भोगायला मात्र ती एकटी उरली होती.

संमती असेल तर सरळ वाट आहे. १९७६ साली कायद्यात आलेल्या कलम १३ब नुसार, किमान एक वर्ष वेगळे राहिलेल्या पती-पत्नींना एकत्र याचिका दाखल करता येते. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सारे मिटलेले असेल आणि वेगळे राहून पुरेसा काळ लोटला असेल, तर ही मुदत न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. संमती मात्र अखेरपर्यंत टिकावी लागते.

एकाचीच इच्छा असेल, तर क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग यांसारखे कारण सिद्ध करावे लागते. नुसते ‘पटत नाही’ हे कलम १३ मधील कारण नव्हे. संसार सावरण्यापलीकडे गेला म्हणून विवाह संपवण्याचा विशेष अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडेच आहे, आणि माझ्या मते विधिमंडळाने यात बदल करण्याची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.

पत्नीला ती राहते त्या ठिकाणी, म्हणजे माहेरी असेल तर तिथल्या न्यायालयात, याचिका करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकीलही मिळतो. त्या मुलीची पहिल्या नवऱ्यासोबतची संमतीची याचिका आम्ही नंतर रीतसर दाखल केली. तोही लगेच सहीला आला, कारण तोच कागद दाखवून त्याचेही दुसरे लग्न ठरत होते.